वास केकचा, नशा गांजाची

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. संध्याकाळी चिकलठाण्यातील माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिले आणि मग खिशातून एक छोटी रंगीत पुडी काढून टेबलावर ठेवली. पुडीवर केकचे चित्र आणि खाली 'इंडिका' हा शब्द. "डॉक्टरसाहेब, मुलाच्या कपाटात सापडली. मला आधी वाटलं, गाडीचं काहीतरी असेल."

त्यांना काय म्हणावे? आमच्या पिढीला इंडिका म्हणजे 1998 साली आलेली टाटांची मोटार. पुडीत हिरवट, चिकट बोंडे होती आणि वास व्हॅनिलाच्या बिस्किटासारखा गोडसर. तो गांजा होता. "पोरगा म्हणतो, हा साधा गांजा नाही, इंडिका आहे, सौम्य असतो, नुसती झोप लागते. खरं आहे का?" हा प्रश्न आणखीही काही घरांत पडला असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम नावाविषयी. 1785 साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या झाडाच्या नमुन्यावरून 'कॅनाबिस इंडिका' हे नाव दिले. इंडिका म्हणजे भारतीय, एवढाच त्याचा अर्थ. पुढे परदेशी बाजारात बुटक्या, रुंद पानांच्या झाडाला इंडिका म्हणण्याची रीत पडली आणि 'इंडिका घेतली की झोप, सटायव्हा घेतली की तरतरी' असा समज पसरला. आज या जातींचे इतके संकर झाले आहेत की नावावरून आत काय आहे हे सांगता येत नाही. झोप येणे न येणे हे मुख्यतः नशा आणणारे द्रव्य किती आहे, किती घेतले आणि घेणारा कोण, यावर ठरते.

आता वास. झाडाच्या बोंडांवरील चिकट ग्रंथींत सुगंधी तेले असतात आणि ती आपल्या स्वयंपाकघरातलीच आहेत. लिमोनीन लिंबाच्या सालीत असते, कॅरिओफायलीन मिरे आणि लवंगेत, लिनालूल धन्यांत. यांचे प्रमाण जुळवत संकर केले की केकचा, आइस्क्रीमचा भास होणारी जात तयार होते. त्यात साखर नाही, दूध नाही. वास गोड म्हणून औषध सौम्य, असे आपण खोकल्याच्या बाटलीबद्दलही मानत नाही!

खरा प्रश्न टीएचसी या द्रव्याचा. 1964 साली इस्रायलमध्ये मेकुलम आणि गाओनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. अमेरिकेत पकडलेल्या गांजात त्याचे प्रमाण 1995 च्या सुमारास सरासरी 4 टक्के होते, 2014 पर्यंत ते 12 टक्क्यांवर गेले. या केक-आइस्क्रीमच्या जातींवर तर 20 ते 25 टक्के असे छापलेले असते. होळीला कोणी घोटभर भांगेची थंडाई घेतली त्या अनुभवावरून याचा अंदाज बांधू नये. अशा गांजाने नाडी 120-130 वर जाते, तोंड कोरडे पडते, उभे राहताच चक्कर येते, काहींना आता आपण मरणार अशी भीती वाटते. कोवळ्या वयात रोज ओढल्यास स्मरणशक्ती मंदावते. ज्यांच्या घराण्यात मानसिक आजार आहे त्यांना भास आणि संशयाचा विकार जडण्याचा धोका जास्त.

भांगेची बर्फी किंवा गांजाचे चॉकलेट खाण्यात वेगळा धोका आहे. परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत दिसत नाही, म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. लहान मुलाने चुकून खाल्ले तर ते गुंगीत जाते, श्वासही मंदावू शकतो. अशा वेळी लिंबू-ताक पाजत बसू नये. 108 ला फोन करावा आणि काय खाल्ले ते लाजेखातर लपवू नये.

आता माझी चूक सांगतो. हाच मुलगा त्याआधी दोन महिन्यांत तीनदा माझ्याकडे उलट्यांसाठी आला होता. सकाळी मळमळ, पोटात कळा. मी दरवेळी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. आई सांगत होती, "दिवसातून चारदा कढत पाण्याने अंघोळ करतो, तेवढंच बरं वाटतं म्हणतो." मी ते हसण्यावारी नेले. वास्तविक दीर्घकाळ रोज गांजा ओढणाऱ्यांत वारंवार उलट्यांचा एक विकार होतो आणि गरम पाण्याने तात्पुरता आराम पडणे ही त्याची ठळक खूण आहे. 2004 साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी तो प्रथम मांडला. शरीरातले पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. उपचार एकच, गांजा पूर्ण बंद.

वडिलांना खरी धास्ती पोलिसांची होती. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा बाळगणे गुन्हाच आहे, मग जात कोणतीही असो. पण त्याच कायद्याच्या कलम 64-अ नुसार, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतले जाते. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी 14446 हा सरकारी क्रमांक आहे.

मी मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. पहिले दहा दिवस झोप नाही, चिडचिड, ताटावरून उठून जाणे. हे होणार याची कल्पना आईला आधीच दिली होती, म्हणून ती घाबरली नाही. उलट्या तिसऱ्या आठवड्यात थांबल्या. परवा तो आला तेव्हा मी वजन केले, अडीच किलो वाढले आहे. पुढची तारीख पंधरा दिवसांनी दिली आहे.