तेरा संस्था, एक नोंदवही

एक छोटीशी पाटी. तिच्यावर मण्यांच्या दोन रांगा आणि शेजारी मिनिटभर गळणारं वाळूचं घड्याळ. एक रांग दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्यांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. दाई बाळाच्या पोटाकडे नजर लावून श्वास मोजते. दहा झाले की एक मणी सरकवते आणि पुन्हा एकपासून सुरुवात करते. रांगेतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत तो सरकवावा लागला, तर न्यूमोनिया आहे असं धरायचं आणि औषध सुरू करायचं. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून त्याच्यासाठी मर्यादा मिनिटाला साठची, मोठ्यासाठी पन्नासची. पण दाईला पन्नास किंवा साठ ठाऊक असण्याची गरजच नाही. दहापर्यंत मोजता आलं की झालं.

हे साधन गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत तयार झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये तिथे काम करायला गेले, तेव्हा जंगलातल्या गावातून डॉक्टरपर्यंत पोचायला फार वेळ लागे. न्यूमोनिया तेवढा वेळ देत नाही. गावातल्याच माणसाच्या हाती निदान आणि औषध दिलं तर मुलं वाचतात, हे सर्चने अभ्यासातून दाखवलं आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. पुढे तेच सूत्र नवजात बाळांसाठी वापरलं गेलं. १९९३ मध्ये नवजात मृत्यूंची मोजणी सुरू झाली. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, गुदमरलेल्या बाळाचा श्वास कसा सुरू करायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि वेळ पडल्यास इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तीन वर्षांत तो आकडा २५ च्या आसपास आला. डिसेंबर १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

इथवरची गोष्ट मराठी वाचकाला बऱ्यापैकी माहीत आहे. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. एका संस्थेचं यश अनेकांचं कसं झालं, त्यात अन्नाचा प्रश्न कुठे शिरला आणि या साऱ्याला पैसा कुठून आला, याचा शोध घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली. चांगली माणसं एकत्र बसली म्हणजे सहकार्य घडतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते टिकलं तिथे त्यांच्यामध्ये एखादी अगदी साधी, वापरातली वस्तू सामाईक होती.

कोवळी पानगळ

गडचिरोलीच्या आकड्यांवर पहिला आक्षेप ठरलेला होता: तो दुर्गम आदिवासी जिल्हा, बाकी महाराष्ट्राचं तसं नाही. याला एकट्या सर्चकडे उत्तर नव्हतं. ते द्यायला राज्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत काम करणाऱ्या तेरा संस्था एकत्र आल्या. आदिवासी भाग, कोरडवाहू गावं, शहरी झोपडपट्ट्या असा त्यांचा पसारा. त्यांनी मिळून दोनशेहून अधिक गावांत आणि काही शहरी वस्त्यांत जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा त्याचा अंदाज होता. सरकारी कागदावर त्यातला थोडाच भाग दिसत होता.

बाळाचा मृत्यू कागदावरून गळतो कसा, हे समजून घेतलं तर या कामाचं मोल कळतं. बाळ जन्मतं, एकदा रडतं आणि तासाभरात जातं. अजून नाव ठेवलेलं नसतं, बारसं झालेलं नसतं. घरच्यांना ते बोलायचं नसतं. लिहिणाऱ्यालाही ‘उपजत मृत’ लिहिणं सोपं जातं, किंवा काहीच न लिहिणं. बाळ एकदा तरी रडलं का, त्याने श्वास घेतला का, हात-पाय हलवले का, हे आईला आणि दाईला हळुवारपणे विचारल्याशिवाय खरी नोंद होत नाही. हा प्रश्न तेरा ठिकाणी तेरा तऱ्हांनी विचारला, तर तेरा आकड्यांची बेरीज करता येत नाही. म्हणून जन्म कशाला म्हणायचं, मृत्यू कशाला म्हणायचं, नोंद कोणी आणि कधी करायची, हे आधी एक व्हावं लागतं. विचारसरणी, देणगीदार, कामाची पद्धत यांत भिन्न असलेल्या संस्थांना नोंदवही एक ठेवता आली. तिथेच त्यांची ताकद होती.

अहवालानंतर राज्यात खळबळ माजली. पुढे सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. ज्यांनी सरकारचा आकडा खोडून काढला, त्यांनाच सरकारने उपाय विचारला. एकट्या संस्थेच्या निवेदनाला अशी जागा सहसा मिळत नाही.

तिसरी पायरी ‘अंकुर’ प्रकल्पाची. गडचिरोलीची पद्धत दुसऱ्यांच्या हातीही चालते का, हे तपासायला महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी ती आपापल्या भागात राबवली. सर्चने प्रशिक्षण दिलं. गावं, माणसं आणि जबाबदारी त्या त्या संस्थेची. तिथेही नवजात मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच राज्यांत हे करून पाहिलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांच्या घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये घरोघरची नवजात सेवा देशभरच्या आशाताईंच्या कामात आली.

१९९३ ते २०११. अठरा वर्षं. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

चुलीपाशी गेल्याशिवाय

बाळ वाचलं, पुढे काय? ते वाढलं पाहिजे, आणि इथे औषधाची पिशवी अपुरी पडते.

हा धडा महाराष्ट्राला पहिल्यांदा जामखेडने दिला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावकऱ्यांना पाणी आणि अन्न यांची चिंता दवाखान्यापेक्षा मोठी होती. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. मग आरोग्याच्या कामाला सामुदायिक स्वयंपाकघरं जोडली गेली, विंधन विहिरी आल्या, शेतकऱ्यांची आणि बायकांची मंडळं उभी राहिली. निरक्षर, अनेकदा दलित बायका आरोग्यसेविका झाल्या. मुलाचं वजन का वाढत नाही याचं उत्तर त्या औषधांच्या कपाटाआधी घराच्या कणगीत शोधू लागल्या.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची वाट उलट दिशेने आली. त्या शाळेत गेल्या नाहीत. घरातलं लहान मूल आजारी पडलं तेव्हा बदललेलं बियाणं आणि औषधं फवारलेलं खाणं यांच्याकडे त्यांचं बोट गेलं. त्यांनी गावरान बियाणं जमवायला घेतलं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या ‘बाएफ’ने साठवण, वर्गीकरण आणि बीजबँकेची घडी बसवून दिली. बियाणं राहीबाईंचं, शास्त्र संस्थेचं. या बँकेचा नियम साधा: बियाणं न्यावं आणि पीक आलं की दुप्पट परत करावं. २०२० मध्ये राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली.

मेळघाटात हे धागे आणखी गुंतलेले दिसतात. पावसाळ्यात वाटा तुटतात, घरातलं धान्य संपत येतं आणि कामासाठी झालेल्या स्थलांतराचा थकवा अंगात असतो. बालमृत्यूचा जोर नेमका तेव्हाच. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखान्याबरोबर शेती आणि रेशनचे प्रश्न हाती घेतले. ‘महान’चे डॉ. आशिष सातव यांनी घरोघरच्या बालआरोग्यसेवेबरोबर कुपोषित मुलांसाठी स्थानिक पातळीवर बनवलेल्या आहाराचा अभ्यास केला. पुण्याच्या ‘मैत्री’ने १९९७ पासून शहरातले स्वयंसेवक ऐन पावसाळ्यात मेळघाटच्या गावांत नेऊन ‘धडक मोहीम’ चालवली. ‘खोज’ने अंगणवाडी, रेशन, रोजगार हमी आणि जंगलावरच्या हक्कांचा पाठपुरावा केला. कोणी डॉक्टर, कोणी कार्यकर्ता, कोणी सुट्टी काढून आलेला नोकरदार. ज्या मुलासाठी ते येतात त्याची भूक आणि ताप मात्र वेगळे करता येत नाहीत.

सरकारनेही हे ओळखलं. २०१५ मध्ये डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचं चौरस, गरम जेवण मिळू लागलं. कोरडं पाकीट घरी गेलं की ते साऱ्यांत वाटलं जातं आणि आईच्या वाट्याला घासभर उरतं. तिथेच बसून जेवल्यावर ते तिच्या पोटात जातं.

तरीही आकडे बजावतात. बाळं जगवण्यात महाराष्ट्र पुढे आला आहे: २०२० मध्ये राज्यात हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू १६ होते, देशात २८. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. आदल्या पाहणीतही जवळपास तेवढीच होती. औषध पोचवायला आपण शिकलो, ताट अजून भरलेलं नाही.

कृतज्ञतेचा पैसा आणि मुदतीचा पैसा

या साऱ्याला पैसा लागतो आणि पैशाला स्वभाव असतो.

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्राने त्याचा एक सुंदर नमुना पाहिला. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांचं घर कसं चालायचं, या प्रश्नातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशी मंडळी त्यामागे होती. नामवंत नटांना घेऊन आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव झाले. जमलेली रक्कम मूळ निधी म्हणून ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. निधीच्या नावातच त्याची दृष्टी आहे. हे दान नव्हतं. समाज आपलं देणं फेडत होता. आणि हा पैसा माणसाला मिळत होता, त्याला प्रकल्पाची मुदत नव्हती.

आजचा मोठा पैसा वेगळ्या स्वभावाचा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चणं बंधनकारक केलं. त्यातून अनेक चांगली कामं उभी राहिली. कायद्याच्या यादीत पहिल्याच क्रमांकावर भूक, कुपोषण आणि आरोग्य शेजारी शेजारी आहेत. पण कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही तो कायदा सांगतो, आणि मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात कारखान्याचा परिसर कुठून येणार? शिवाय अनेक वर्षं चालणाऱ्या कामालाही सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीनच वर्षांची मुदत. आता ती अठरा वर्षं आठवावीत. तीन वर्षांच्या मुदतीत आरोग्यदूतांचं शिक्षण पुरं झालं असतं, एखादा अहवालही निघाला असता, पण देशाचं धोरण बदललं नसतं. गडचिरोलीच्या प्रयोगामागे मॅकआर्थर आणि फोर्ड या परदेशी प्रतिष्ठानांचं दमदार पाठबळ होतं, हे विसरून चालणार नाही.

परदेशी पैशाची वाटही आता अरुंद झाली आहे. परकीय योगदान नियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला त्यातला पैसा दुसऱ्या संस्थेला, ती नोंदणीकृत असली तरी, देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. पैशाचा हिशेब चोख हवा, यात दुमत नाही. पण एका अनुभवी संस्थेने परदेशी निधी घ्यावा आणि मेळघाटातल्या किंवा नंदुरबारमधल्या छोट्या संस्थांना त्यातून सोबत न्यावं, हा रस्ताच या तरतुदीने बंद झाला. ज्या छोट्या संस्थेकडे इंग्रजीत अर्ज लिहिणारा माणूस नाही, पण गावात दहा वर्षांचा विश्वास आहे, तिचं नुकसान सर्वांत मोठं.

म्हणून देणाऱ्यांना, मग ती कंपनी असो की अमेरिकेतून गावाकडे पैसे पाठवणारा मराठी माणूस, एक मनापासूनचं सांगणं आहे. इमारतीला आणि रुग्णवाहिकेला देणगी देताना आपलं नाव कुठे लागेल ते दिसतं. चार संस्थांनी मिळून ठेवलेल्या नोंदवहीवर कोणाचंही नाव लागत नाही. पण तिचा खर्च उचला. एकमेकांच्या गावी जाऊन शिकण्याचा, एकत्र बसून आकडे तपासण्याचा खर्च उचला. आणि तो दहा वर्षं उचला. संस्थांनीही आपली पद्धत कुलपात ठेवू नये. राहीबाईंच्या बीजबँकेचा नियम ज्ञानालाही लावता येतो: शिकून न्यावं आणि आपल्या गावच्या अनुभवाची भर घालून दुप्पट परत करावं. अंकुरच्या सात संस्थांनी एका अर्थाने तेच केलं. घेतलेली पद्धत त्यांनी वेगळ्या मातीतल्या पुराव्यासह परत केली आणि त्या पुराव्यावर ती देशभर गेली.

आज कुठल्याही गावात बाळ घरी आलं की आशाताई येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. हात धुते, बाळाला झोळीत घालून काटा उचलते, काखेत तापमापक लावते. मग झबलं वर करून घड्याळ हातात धरते आणि बाळाच्या पोटाकडे बघत मिनिटभर गप्प बसते. मण्यांची पाटी तिच्याजवळ नाही. मोजणी तीच आहे. सहाही भेटी पूर्ण केल्या की या कामाचे तिला अडीचशे रुपये मिळतात, म्हणजे भेटीमागे बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. वाजवी मोबदल्यासाठी याच बायकांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं आहे. तेरा संस्थांच्या नोंदवहीचं पुढचं पान आता तिच्या हाती आहे. तिचा मोबदला वेळेवर आणि कामाच्या मोलाचा मिळावा, ही मागणी एकट्या आशाताईंची राहू नये. बाळ वाचवण्यासाठी एकत्र आलेल्या प्रत्येकाने ती आपली मानली पाहिजे.