लॅपटॉपच्या पोटातला सामाईक नळ

घरात विंडोजचा लॅपटॉप असेल, तर एक गंमत करून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘जीपीयू’वर टिचकी मारा. तिथे ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ अशी एक ओळ सापडेल आणि तिच्याजवळ एक आकडा. लॅपटॉपची रॅम ८ जीबी असेल, तर हा आकडा ४ जीबीच्या आसपास भरेल. झालं! आपल्याकडे चक्क ४ जीबीचं ग्राफिक्स आहे, असं वाटून छाती फुगते. मग शर्यतीच्या गेममधली गाडी ऐन वळणावर अडखळते का? आणि हाच आकडा पुढे करून कुणी तुमच्या बाबांना ‘चार जीबी ग्राफिक्सवाला’ लॅपटॉप विकायला निघाला, तर?

जीपीयू हा लॅपटॉपमधला चित्रकार. त्याला किती काम पडतं, याचा हिशेब वहीतच मांडू या. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट्स धरले, तर एका चित्राला झाले सुमारे ८३ लाख बाइट्स. गेम सफाईदार दिसायला अशी ६० चित्रं दर सेकंदाला लागतात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट्स! आणि हा झाला नुसता शेवटचा हात. त्याआधी भिंतीच्या विटा, गवत, रस्त्याचं डांबर, गाडीची चकाकी हे सगळं मेमरीतून पुन्हा पुन्हा आणावं लागतं. एकेका ठिपक्यावर दोन-चार वेळा रंग चढतो, तो वेगळाच.

खास गेमसाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये या चित्रकाराला स्वतःची वेगळी मेमरी असते, अगदी हाताशी. साध्या लॅपटॉपमध्ये मात्र तो प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसवलेला असतो. त्याची स्वतःची मेमरी नसते. रॅममधूनच तो आपला वाटा घेतो.

चाळीतला सामाईक नळ आठवा. समजा, चाळीत दोनच बिऱ्हाडं आहेत, एक प्रोसेसरचं आणि दुसरं जीपीयूचं. प्रोसेसरला तांब्याभर पाणी लागतं, पण ते लगेच हवं असतं. जीपीयूला हंडेच्या हंडे भरायचे असतात. आता जीपीयूने आणखी मोठा हंडा आणला, तर पाणी लवकर मिळेल का? छे! धार तेवढीच राहणार. उलट मोठ्या हंड्याने शेजाऱ्याची जागा अडेल. टास्क मॅनेजरमधला तो ४ जीबीचा आकडा म्हणजे हंड्याचा आकार बरं का! धारेबद्दल तो अवाक्षर काढत नाही. शिवाय ही मेमरी बाजूला काढून ठेवलेलीही नसते. गरज पडलीच तर इथपर्यंत घेता येईल, अशी ती फक्त मर्यादा असते.

ही उसनवारी काही आजची नाही. १९९८ साली इंटेलने आय-७४० नावाची ग्राफिक्स चिप बाजारात आणली. कल्पना मोठी झकास होती. कार्डावर भरपूर मेमरी बसवायची तर खर्च येतो, मग विटा-गवताची चित्रं कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीत ठेवायची आणि एजीपी नावाच्या नव्या रस्त्याने लागतील तशी ओढून घ्यायची. पण त्या रस्त्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त ५३३ एमबीच जाऊ शकत. दुसऱ्या कंपन्यांनी ही चित्रं आपल्या कार्डावरच्या मेमरीत ठेवली आणि त्या पुढे निघून गेल्या. १९९९ मध्ये इंटेलने स्वतंत्र कार्डांच्या बाजारातून काढता पाय घेतला. तरी कल्पना वाया गेली नाही. त्याच वर्षीच्या इंटेल ८१० चिपसेटमध्ये त्याच घराण्यातलं ग्राफिक्स मदरबोर्डवरच बसवलं गेलं. वेगळं कार्ड नको, म्हणून कॉम्प्युटर स्वस्त! पत्रं लिहायला नि हिशेब करायला तेवढं पुष्कळ होतं.

२००४ च्या डिसेंबरमधली गोष्ट तर आणखी मजेदार आहे. एनव्हिडियाने ‘जीफोर्स ६२०० टर्बोकॅश’ ही कार्डं आणली. काही कार्डांवर स्वतःची मेमरी होती अवघी १६ किंवा ३२ एमबी, पण जाहिरातीत आकडा झळके १२८ एमबीचा. बाकीची कुठून यायची? कॉम्प्युटरच्या रॅममधून! याला खोटं म्हणता येत नाही, पण गिऱ्हाइकाने तो आकडा नीट वाचू नये अशीच ही मांडणी होती, असं मला तरी वाटतं.

‘बायोसमध्ये जाऊन ग्राफिक्सचा वाटा वाढव, लॅपटॉप पळायला लागेल,’ असा सल्ला शेजारचा एखादा दादा देतोच. काही लॅपटॉपमध्ये ही सोय असते, बऱ्याच कंपन्या ती दडवून ठेवतात. तुम्ही ५१२ एमबीचे २ जीबी केलेत, तर तेवढी रॅम कायमची बाजूला निघते आणि विंडोजला तिला हात लावता येत नाही. ८ जीबीमधले उरले ६. त्यात विंडोज, ब्राउझर आणि खुद्द गेम! जागा संपली की विंडोज रॅमऐवजी डिस्कवर सामान ठेवायला लागतं आणि डिस्क रॅमपेक्षा फारच मंद असते. म्हणजे अडखळणं वाढलंच की! हां, एका ठिकाणी मात्र दादाचा सल्ला कामी येतो. काही गेम सुरू होतानाच ग्राफिक्सची राखीव मेमरी तपासतात आणि कमी दिसली तर उघडायलाच तयार होत नाहीत. तिथे वाटा वाढवला तर दार उघडतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत आकडा बदलायची युक्ती मात्र हंड्यावर मोठा नंबर रंगवण्यासारखी आहे. हंडा तेवढाच, नंबर मोठा.

मग धार वाढते कशाने? दुसऱ्या नळाने! डीडीआर-४ जातीची ३२०० वेगाची रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते. तशाच दोन पट्ट्या जोडीने लावल्या, तर ५१.२ जीबी. म्हणून १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या अशा लॅपटॉपला जास्त मानवतात. एकूण रॅम तेवढीच, धार दुप्पट. गेमचा वेग काही दुप्पट होत नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो. मात्र झाकण स्वतः उघडू नका. आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, वॉरंटीचा कागद वाचा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते, तिथे काहीच करता येत नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे सामाईक मेमरी वाईटच! तसं मुळीच नाही. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये प्रोसेसर आणि जीपीयू दोघं मिळून ८ जीबी मेमरी वापरतात. पण तिची धार आहे सेकंदाला १७६ जीबी! ॲपलने २०२० साली एम-१ चिप आणली, तिच्यातही मेमरी सामाईकच आहे. एकाच जागची माहिती दोघांनाही वाचता येते, त्यामुळे तिच्या नकला इकडून तिकडे न्यायचा खटाटोप वाचतो. पुढच्याच वर्षीच्या एम-१ मॅक्समध्ये तर धार ४०० जीबीपर्यंत गेली.

लॅपटॉप घ्यायला बाबांबरोबर दुकानात जाल, तेव्हा विचारा, ‘काका, ग्राफिक्सची स्वतःची मेमरी किती? रॅमच्या पट्ट्या किती? दुसरीसाठी खाच मोकळी आहे का?’ आणि ‘चार जीबी आहे ना, शेअर्ड,’ असं उत्तर आलं, तर ते चार जीबी रॅमच्या आठ जीबीत आधीच मोजलेले आहेत. त्यांचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत.