बोर्डिंगातली भाकरी आणि बॅरिस्टर

पोराला कोणत्या शाळेत घालायचे हा विषय ऊसबिल हातात पडले की घरोघर निघतो. इमारत कशी, निकाल किती टक्के, हे आपण विचारतो. तिथे पोराला वळण कोणते लागेल, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

वळण म्हटले की साताऱ्याचे बोर्डिंग आठवते. कर्मवीर भाऊराव पाटील आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले. कुणब्याचे घर त्यांना आतून ठाऊक. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. जातवार वसतिगृहांचा तो काळ. इथे मात्र सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला! स्वयंपाक पोरांनीच करायचा, भांडी पोरांनीच घासायची, शेतात राबायचे, दगड वाहायचे. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रसुद्धा. कोणाच्या सौभाग्यावर आपण जेवलो, हे ती पोरे कशी विसरतील?

रयतच्या अशाच बोर्डिंगात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील. खेड्यातले पोर विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. हायकोर्टात उभे राहिले असते तर पैशाला तोटा नव्हता. पण गडी परत साताऱ्याला आला. १९४७ साली भाऊरावांनी काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात त्यांनी शिकवले, प्राचार्यपद सांभाळले. पुढे १९७५ ते १९७८ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. महात्मा फुल्यांचे लिखाण त्यांनी इंग्रजीत नेले आणि आपल्या गुरूचे चरित्रही इंग्रजीत लिहिले. हुशार पोरे सगळ्याच शाळांतून निघतात हो. पण शिकून ज्या चुलीवर वाढलो तिच्याकडेच परत येणारी थोडी. मला तरी याचे मूळ पुस्तकापेक्षा त्या भांडी घासण्यात दिसते.

आपल्याकडे उलटे चालले आहे. आपल्या तालुक्यात कृषी विद्यापीठ आहे, पण घरी बाप पोराला म्हणतो, ‘तू अभ्यास कर, चिखलात उतरू नको.’ रात्रीची पाण्याची पाळी बाप एकटाच धरतो. मग तेच पोर शहरात गेल्यावर बापाचा धंदा सांगायला लाजले, तर दोष कोणाला द्यायचा?

श्रीरामपूरचे बोरावके कॉलेज रयतचेच आहे. शिवाय पुणे विद्यापीठाने कर्मवीरांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना ठेवली आहे. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात पोरांनी रोज थोडे तास काम करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. ऐपत आहे म्हणून आपले पोर तिच्यापासून लांब ठेवू नका. जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा फीच्या आकड्याबरोबर या योजनेचीही चौकशी करा, आणि पोरासमोरच करा.