कर आमचा, मग हिशेब कुणाचा?

रायगडच्या किनाऱ्यावर कराचा वाद भर समुद्रातही पेटला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कान्होजी आंग्र्यांचं म्हणणं रोखठोक होतं: या पाण्यातून व्यापार करायचा तर आमचा दस्तक घ्या, पैसे मोजा. इंग्रजांनी नकार दिला आणि उलट आंग्र्यांनाच चाचे ठरवलं. गंमत म्हणजे पोर्तुगीज तर त्याआधीपासून कार्ताझ नावाचा असाच परवाना जहाजांच्या गळ्यात मारत होते!

आता पनवेल. नगरपालिका 1852 सालची, महापालिका 1 ऑक्टोबर 2016 पासून. तिच्या हद्दीतल्या खारघर-कामोठेकरांच्या हाती मालमत्ता कराची बिलं पडली काही वर्षांनी, आकारणी मात्र थेट 2016 पासूनची. ‘सेवा सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने दिल्या, सेवाशुल्कही तिलाच भरलं, मग हा दुहेरी भुर्दंड का?’ हा सवाल उच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रश्न रास्तच आहे. पण जकात गेल्यावर महापालिकांच्या हक्काच्या उत्पन्नात मोठा आधार मालमत्ता कराचाच उरलाय, हेही खरं.

गावात हिशेब बघायचाय? ग्रामपंचायतीत ‘नमुना 8’ मागा. घर कौलारू की आरसीसी, क्षेत्रफळ किती, घरपट्टी किती, दिवाबत्ती किती, सगळं एका ओळीत सापडतं. डिसेंबर 2015 च्या नियमांनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर ठरते आणि त्यात रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याचे दर धरतात. अलिबागजवळच्या गावांत जमिनीला सोन्याचा भाव आलाय, म्हणून तिथल्या कोळीवाड्याने हा कागद जरूर बघावा.

सगळ्यात मोठा हिशेब मागितला गेला महाडमध्ये. सी. के. बोले यांनी 1923 मध्ये मुंबई कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं. पाण्याला हात लावायची सोय मात्र झाली नाही. मग 1926 मध्ये बोल्यांनी पैशाचीच नाडी पकडली: जी स्थानिक मंडळं ठराव पाळणार नाहीत त्यांचं अनुदान बंद करा. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली. सवर्णांनी तळं खासगी असल्याचं सांगत कोर्टात दावा ठोकला. तो चालला 17 मार्च 1937 पर्यंत, आणि उच्च न्यायालयात ते हरले.