हिंगोली जिल्ह्यातील मासेमारी

हिंगोली जिल्ह्यातील मासेमारी हा मराठवाड्यातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायाचा एक भाग होय. 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पैनगंगा, पूर्णा व कयाधू या प्रमुख नद्या आहेत. पैनगंगा काही अंतर जिल्ह्याची उत्तर सीमा आखते. कयाधू हिंगोली शहराजवळून वाहत जाऊन पुढे तिलाच मिळते. हा व्यवसाय परंपरेने नदीवर चालत असे. धरणे झाल्यावर तो मुख्यतः जलाशयांवर आला आणि नदीत आपोआप वाढणाऱ्या माशांऐवजी दरवर्षी सोडाव्या लागणाऱ्या मत्स्यबीजावर अवलंबून राहू लागला.

नदीवरील मासेमारी

पावसाळ्यात पूर आला की अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. उत्तर गोलार्धातील थंड नद्यांतला सॅमन त्यासाठी समुद्रातून येतो. येथील माशांचा प्रवास तुलनेने आखूड असून तो गोड्या पाण्यातच पूर्ण होतो. बंधारा आडवा आल्यास मात्र दोघांची अडचण सारखीच असते. पूर ओसरल्यावर डोहांत मरळ, वाम, शिवडा व शिंगाळा हे मासे सापडतात. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकते, म्हणून आटत्या, गढूळ पाण्यातही ती तग धरते. पाग, म्हणजे फेकून पसरण्याचे जाळे, आणि गळ ही येथील जुनी साधने होत.

हा व्यवसाय प्रामुख्याने भोई समाजाकडे राहिला आहे. पालखी वाहणे हे या समाजाचे दुसरे परंपरागत काम होते. राज्याच्या वर्गवारीत भोई समाज भटक्या जमाती (ब) मध्ये मोडतो. वस्ती मात्र बहुधा पाण्याच्या काठी स्थिर असते.

जलाशय आणि मत्स्यबीज

पूर्णा नदीवर परभणी जिल्ह्यातील येलदरी आणि त्याखाली औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर ही धरणे 1968 मध्ये पूर्ण झाली. पैनगंगेवरील इसापूर धरण 1982 चे. इसापूरचा उपयुक्त साठा सुमारे 964 दशलक्ष घनमीटर, तर सिद्धेश्वरचा केवळ 81 दशलक्ष घनमीटर आहे. परंतु सिद्धेश्वरचा मृतसाठा त्याच्या दुपटीहून अधिक आहे. सिंचनाच्या हिशेबात हे पाणी जवळजवळ निरुपयोगी. माशांना मात्र उन्हाळ्यात त्याचाच आधार असतो.

जलाशयांत मुख्यतः कटला, रोहू व मृगळ वाढवतात. हे मूळचे प्रामुख्याने गंगा व ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतील मासे असून साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले. त्यामुळे नदीतून बीज गोळा करण्याची गरज पुष्कळ कमी झाली. केंद्रात तयार झालेले मत्स्यजिरे तळ्यात बोटाएवढे वाढवतात. त्याला बोटुकली म्हणतात, आणि तीच जलाशयात सोडली जाते.

जलाशयातील मासेमारीचा ठेका सामान्यतः नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थेला दिला जातो. सभासद थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून सायंकाळी नायलॉनची जाळी लावतात व पहाटे काढतात. हे काम दिसते तितके सोपे नाही: वारा सुटला की असा तराफा सावरणे कठीण जाते, आणि पाण्याखालच्या झाडांच्या खुंटांत जाळे फाटते.

अडचणी

बोटुकली विकण्याजोगी होण्यास साधारण वर्ष लागते. तेवढ्या काळात पाणी टिकले नाही तर बीजाचा खर्च वाया जातो. 2015-16 च्या दुष्काळात मराठवाड्यातील अनेक जलाशय मृतसाठ्यापर्यंत खाली गेले होते. उलट अतिवृष्टीत दरवाजे उघडले की वाढलेले मासे पाण्याबरोबर खाली वाहून जातात. त्यांचा लाभ अर्थातच खालच्या गावांना होतो, बीज सोडणाऱ्या संस्थेला नाही. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्यास 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच मनाई केलेली आहे. बारीक आसाच्या जाळ्यांचे नुकसान मात्र उशिरा कळते, कारण त्यांत पुढच्या हंगामाची बोटुकलीच निघून येते.