बिलांच्या फायलींचे नामकरण

सुरतेच्या कापड बाजारातील पेढ्यांवर आता वह्यांच्या जोडीस संगणक आला आहे, आणि त्यात खरेदीच्या बिलांची छायाचित्रे साठत असतात. यंत्राने त्यांस दिलेली नावे म्हणजे नुसते आकडे. त्यांवरून व्यापारी कोण, वर्ष कोणते, काहीच उमगत नाही. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे ही कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावयाची असतात. मागितलेले बिल सापडले नाही, तर जपले असूनही काय उपयोग?

एकेक नाव हाताने बदलण्यात मुनीमजींचे दिवस खर्ची पडावेत, हे आम्हांस पटत नाही. लिनक्ससारख्या प्रणालीत 'शेल' नावाचा आज्ञाधारक कारकून असतो. त्यास लिहून दिलेली आज्ञांची चिठ्ठी म्हणजे शेल स्क्रिप्ट. एका यादीत डावीकडे जुने नाव व उजवीकडे नवे लिहावे. स्क्रिप्ट ओळीमागून ओळ वाचते आणि 'एमव्ही' या आज्ञेने नाव बदलते.

मात्र हा कारकून फार मुका आहे. नवे नाव दुसऱ्या फायलीस आधीच दिलेले असेल, तर तो बहुधा न विचारता ती जुनी फाईल पुसून टाकतो. वहीत खोडलेले अक्षर निदान दिसते. येथे खोडल्याची खूणही उरत नाही. बिलाचा क्रमांक कायद्याने एका आर्थिक वर्षापुरताच एकमेव असतो. १ एप्रिलला क्रम पुन्हा १ पासून धरला, की गतवर्षीचे १२ आणि यंदाचे १२ एकमेकांस भिडतात. शिवाय दोन पेढ्यांचे १२ क्रमांकही निराळे. म्हणून नावात तारीख, पेढी व क्रमांक ही तिन्ही हवीत. तारीख २०२४-०४-०१ अशी, वर्ष प्रथम धरून लिहावी, म्हणजे फायली आपोआप कालक्रमाने लागतात.

बिलाच्या क्रमांकातील तिरकी रेघ नावात चालत नाही, कारण शेल तिला कप्प्याची खूण समजतो. तेथे आडवी रेघ घालावी. नावात मोकळी जागा असल्यास ते अवतरणचिन्हांत ठेवावे.

प्रथम 'एमव्ही'च्या आधी 'इको' हा शब्द लिहून स्क्रिप्ट चालवावी. ती काही न बदलता केवळ काय करणार ते पडद्यावर दाखविते. मग 'इको' काढून, आज्ञेस आडवी रेघ व 'एन' जोडावे, म्हणजे असलेली फाईल पुसली जात नाही. यादी मात्र फेकू नये. तिचे दोन रकाने उलटे केले, की जुनी नावे परत आणता येतात.