वापरलेल्या मोटारगाड्यांची आयात
एका देशात काही वर्षे वापरलेल्या मोटारगाड्या दुसऱ्या देशात विक्रीसाठी आणण्याचा व्यापार. न्यूझीलंड हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील अशा गाड्या मुख्यत्वे जपानमधून येतात. जपानमध्ये नव्या खाजगी गाडीची ३ वर्षांनी व पुढे दर २ वर्षांनी सक्तीची तपासणी होते; तिच्या खर्चामुळे अनेक मालक सुस्थितीतील गाडीही विकून टाकतात. दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने सुकाणूचक्राची जागा बदलावी लागत नाही. १९८०–९० या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने आयातीवरील निर्बंध सैल केले. परिणामी गाड्यांच्या किंमती उतरल्या व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांनाही त्या परवडू लागल्या. पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्याही याच मार्गाने आल्या. मात्र स्थानिक जुळणी-कारखान्यांना स्पर्धा पेलली नाही. १९९८ मध्ये गाड्यांवरील आयातकर रद्द झाला व त्याच वर्षी उरलेले कारखाने बंद पडून कामगारांचा रोजगार गेला. अंतरमापकातील फेरफार, गंज व अपघातातील छुपी हानी हे ग्राहकापुढील धोके होत. यास्तव नोंदणीपूर्वी गाडीची तपासणी अनिवार्य असून सुरक्षितता व धूर-उत्सर्जन यांविषयीची मानके पाळावी लागतात.